समजा, मास्तर बुडाले

मी आयुष्यात एकदाही पाण्यात बुडालो नाही. पोहता येत नसल्यामुळे पाणी गुडघ्याला लागलं की मी मागे फिरतो. पण भाऊंच्या ओटीवर मी निदान चाळीस वेळा बुडालो आहे. त्याच ओटीवर मला फुरसं चावलं, उकळती आमटी पायावर सांडली, माडावरून पडून मांडी मोडली, आणि एका श्रावणात अंगावर वीजही पडली. हे सगळं रविवारी सकाळी, चहा झाल्यानंतर व्हायचं. भाऊ ओटीच्या खांबाला टेकून उभे राहायचे, जमलेल्या पाचदहा माणसांकडे एकदा बघायचे आणि माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "समजा, मास्तर बुडाले." मग मी हातातलं पुस्तक बाजूला ठेवून सारवलेल्या जमिनीवर आडवा व्हायचो. बुडालेल्या माणसाने डोळे मिटलेलेच ठेवायचे, मधूनच किलकिले करून बघायचं नाही, ही त्यांची मला कायमची सूचना होती.

गावात त्यांना सगळे समजाभाऊ म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर गावातलेच लोक विचारतील, हा कोण माणूस? एकदा मुंबईहून त्यांच्या खऱ्या नावाने पत्र आलं. पोस्टमनने ते दोन दिवस गावभर फिरवलं आणि शेवटी भाऊंच्याच तिकिटाच्या खिडकीत नेऊन विचारलं, या नावाचं कोणी माहीत आहे का. भाऊंनी पत्ता नीट वाचला आणि म्हणाले, "समजा, तो मीच."

ते धक्क्यावर मुंबईच्या लाँचची तिकिटं देत. गाव खाडीच्या तोंडाशी. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला माडांची रांग आणि कोळ्यांची घरं, मागे भातशेती. लाँच दिवसातून दोनदा यायची, आणि पावसाळ्यात तीही बंद. डॉक्टर होते ते अलिबागला. आधी बैलगाडी, मग खाडी ओलांडायला तरीची होडी, मग पुन्हा गाडी. भरती-ओहोटी जुळली तरी तीन तास सहज जायचे. या तीन तासांना भाऊ 'मधला वेळ' म्हणत. माणूस साप चावून किंवा पाण्यात पडून मरत नाही, तो मधल्या वेळात मरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टर कितीही हुशार असला तरी तो मधल्या वेळाच्या पलीकडे बसलेला असतो. अलीकडे कोण आहे? अलीकडे तुम्ही आणि मी.

त्या गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. एक ट्रंक कपड्यांची आणि दोन पुस्तकांच्या, असा लाँचमधून उतरलो. भाऊंच्या घराला लागून एक खोली भाड्याने मिळेल असं कळलं होतं. भाऊंनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, भाड्याचंही काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "रक्त बघून चक्कर येते का?"

मी खरं सांगितलं. येते. लहानपणी नखाला लागलं तरी यायची.

"उत्तम," ते म्हणाले. "मग तुम्ही मदतनीस नको, पेशंट व्हा. ट्रंका आत घ्या."

अशी माझी त्या घरात सोय झाली, ती सात वर्षं राहिली.

भाऊ अंगाने बारीक, मान लांब, आणि मिशी मात्र दुसऱ्याच कुणा धिप्पाड माणसाची आणून लावल्यासारखी. खाकी अर्ध्या विजारीच्या दोन्ही खिशांत तिकोनी कापलेली फडकी असत. वहिनींचं एकही जुनं लुगडं त्या घरात धड राहिलं नव्हतं. शेजारणी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत, तेव्हा वहिनी म्हणत, "आमच्याकडे गोधडी होत नाही, पट्ट्या होतात." हे त्या कुरकुरीच्या सुरात म्हणत, पण फडकी उकळून, वाळवून, घडी करून द्यायच्या त्याच.

युद्धाच्या दिवसांत भाऊ मुंबईच्या गोदीत कारकून होते. तिथे प्रथमोपचाराचा वर्ग निघाला. उन्हात उभं राहण्यापेक्षा सावलीत बसायला मिळतं म्हणून आपण नाव दिलं, असं ते सांगत. त्या वर्गाचं प्रमाणपत्र चौकट करून देवांच्या शेजारी लावलेलं होतं. सावलीसाठी बसलेल्या माणसाने प्रमाणपत्र देवांजवळ का लावावं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे उष्टं. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली वस्तू त्यांना चालत नसे. त्यात जातीचा प्रश्न नव्हता. सख्ख्या बायकोचा पेलाही चालत नसे. त्यांचं पितळी फुलपात्र ओटीच्या खुंटीला टांगलेलं असायचं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. हॉटेलात गेले तर चहा वरून ओतून पीत आणि निम्मा सदऱ्यावर सांडत. तिकिटं सुटी करताना लोक बोटाला थुंकी लावतात, म्हणून खिडकीत ओला स्पंज ठेवलेला. आणि भाजलं, कापलं तर कोणाला फुंकर मारू देत नसत. आईने पोराच्या बोटावर फुंकर घातलेली दिसली की लांबूनच ओरडत, "फुंकू नका, बाई. तोंडातली घाण जाते."

तालीम ते कुठेही, केव्हाही घेत. लाँच लागायला वेळ असला आणि धक्क्यावर माणसं जमलेली असली की खिडकीतून आवाज यायचा, "समजा, मी पडलो," आणि आत धप्पकन आवाज व्हायचा. मग मिठागरातला कोणी मुकादम, कोणी गाडीवान आणि टोपली घेऊन निघालेली जानकीबाय कोळीण, असे तिघेचौघे आत शिरून त्यांना उचलायचे. उचलताना मानेखाली हात गेला नाही तर मेलेले भाऊ डोळे न उघडता म्हणायचे, "मान." एकदा मुंबईच्या कुणा गृहस्थांनी कंपनीकडे तक्रार केली की तिकीटबाबू मेले आणि पाच मिनिटांनी त्यांनीच तिकीट दिलं. कंपनीचं खुलासा मागणारं पत्र आलं. खुलासा मी लिहून दिला, चांगला दोन पानी. भाऊंनी तो वाचला, छान आहे म्हणाले, आणि त्याऐवजी स्वतः एकच ओळ लिहून पाठवली: "समजा, मी खरोखर पडलो असतो, तर त्या गृहस्थांना काय करायचं हे माहीत होतं काय?" पुन्हा पत्र आलं नाही.

तालमीचे दोन नियम होते आणि ते गावात पोराटोरांनाही पाठ होते. समजा म्हटल्याशिवाय खोटा अपघात करायचा नाही. आणि समजा म्हटल्यावर कोणी घाबरायचं नाही, रडायचं नाही, शिकवलंय ते करायचं.

भाऊंचं खरं भांडण मात्र एका चाकाशी होतं.

त्या भागात कोणी बुडालेला माणूस बाहेर काढला की त्याला कुंभाराच्या चाकावर पालथा घालून गरगरा फिरवत. फिरवलं की पोटातलं पाणी तोंडावाटे निघतं आणि माणूस जगतो, अशी समजूत. आमच्या गावात चाक एकच, धाकू कुंभाराचं. त्याच्या बापाचं, त्याआधी आजाचं. बुडालेल्याच्या घरचं माणूस डॉक्टरकडे नंतर जायचं, आधी धाकूकडे. धाकूला त्या चाकाचा अभिमान होता. आपल्या चाकावर दोन जीव परत आलेत, असं तो सांगायचा. न आलेल्यांचं कोणी सांगत नसे.

भाऊ त्याला म्हणायचे, अरे, ज्याचा श्वास अडकलाय त्याला आधी श्वास पाहिजे. तू फिरवतोस तोवर मधला वेळ संपतो. धाकू हसायचा. म्हणायचा, तुमी तिकिटं फाडा, भाऊ, बुडाल्याचं आमी बगतो.

एके दिवशी भाऊ धाकूच्या अंगणात गेले, टोपी काढून मला दिली आणि चाकावर पालथे झाले.

"फिरव," म्हणाले.

धाकूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाकाला काठी लावली. भाऊंचे पाय एका बाजूला आणि मिशी दुसऱ्या बाजूला, असे ते बराच वेळ फिरले. थांबल्यावर उठायला गेले ते कोलमडून माठांच्या रांगेत पडले आणि सकाळचा चहा, पोहे सगळं बाहेर आलं. दोन माठ फुटले. तोंड पुसून ते जमिनीवर बसूनच बोलले.

"धाकू, मी जिवंत होतो, तरी ही गत. जो अर्धा मेलाय त्याचं काय होत असेल?"

धाकू म्हणाला, "पन पानी निगालं का न्हाय?"

भाऊ हरले. घरी येताना मला म्हणाले, "वाद घालायला चांगला आहे. शिकवायला मिळाला पाहिजे होता."

त्या दिवशी दुपारी वहिनींनी मला सांगितलं. भाऊंचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना तळ्यात पडला होता. बाहेर काढला तेव्हा नाडी लागत होती, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या. त्याला चाकावर नेला. चाक हेच, फिरवणारा धाकूचा बाप. भाऊ तेव्हा दहा वर्षांचे, अंगणातच उभे होते. "धाकूला हे बोलले नाहीत कधी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीही बोलू नका." मी नाही बोललो. पण त्यानंतर रविवारी आडवा होताना मला थोडं वेगळं वाटायचं. एवढी वर्षं भाऊंना गावात एकच गोष्ट हवी होती. पुढचा जो कोणी बुडेल त्याला त्या चाकावर जाऊ द्यायचं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी भाऊ अलिबागला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. परत आले ते गप्पच. वर्ग झाला नाही. वहिनींना वाटलं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, मी सगळ्यांना चुकीचं शिकवलं."

तोवर ते शिकवत असत ती पद्धत अशी की बुडालेल्याला पालथं घालायचं आणि पाठीवर ठरावीक लयीत दाबायचं. आता नवी पद्धत आली होती. उताणं निजवायचं, हनुवटी वर करून मान मागे करायची, नाक चिमटीत धरायचं, आणि आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवून आपला श्वास आत सोडायचा. जुनीपेक्षा ही फार चांगली, असं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. ज्या माणसाला बायकोचा पेला चालत नव्हता त्याने हे दोन दिवस बसून ऐकलं होतं.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी नवी पद्धत सांगा म्हणजे झालं. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी जो येणार नाही त्याचं काय? मग ते घरोघर गेले. मी बरोबर होतो. दारात उभं राहून ते एवढंच म्हणत, "मी पाठ दाबायला शिकवलं होतं ते पुसून टाका. आता नवं आहे. रविवारी या." मी शिक्षक आहे. फळ्यावरची चूक मी खडूच्या एका फटकाऱ्यात पुसली आहे आणि ती कोणी पाहू नये म्हणून अंग मध्ये घातलं आहे. आपलंच शिकवणं परत मागत उन्हातून दारोदार हिंडणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

लोकांनी चेष्टा केली. जखमेवर फुंकू देत नव्हते, आता तोंडात फुंका म्हनतात, असं मिठागरात बोललं जाऊ लागलं. धाकूला तर हे आयतंच सापडलं.

"का, भाऊ? काल तुमचं खरं व्हतं, माझं चाक खोटं. आज तुमचंबी खोटं झालं. उद्या हे नवं खोटं ठरलं म्हंजे?"

"ठरलं तर उद्याही येईन सांगायला," भाऊ म्हणाले.

मला वाटतं, धाकू भाऊंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला तो तेव्हापासून.

लगेच भाऊंनी त्याला काम सांगितलं. शिकवण्यासाठी मातीचं एक डोकं हवं होतं. तोंड उघडं, नाकाला भोकं, मान मागे झुकलेली. धाकू म्हणाला, करतो की. पहिलं डोकं केलं त्याची मान सरळ होती; भाऊंनी परत केलं. दुसऱ्याची मान भट्टीत तुटली. शेवटी भाऊंनी मला धाकूच्या अंगणात आडवं केलं आणि हनुवटी किती उचलायची, मान कुठवर न्यायची ते दाखवलं. धाकूने चिखलाच्या हातांनी माझी हनुवटी धरून चारपाच वेळा वरखाली करून पाहिली, जशी तो माठाची मान बघतो तशी. तिसरं डोकं बरोबर झालं. त्याला त्याने भाऊंची मिशी काढली होती. शिवाय एक बिनमिशीचं जास्तीचं आणलं आणि म्हणाला, "मिशीवालं गावाला. हे तुमचं सोवळं डोकं, खुंटीला टांगा."

भाऊंनी ते खरंच वेगळं ठेवलं.

त्या रविवारी ओटीवर बसायला जागा नव्हती. प्रत्येकाने श्वास सोडला की भाऊ डोकं गरम पाण्याच्या फडक्याने पुसत. जानकीबायची पाळी आली. तिने श्वास सोडला, तोंड पुसलं आणि आत बघून मोठ्याने म्हणाली, "मातीची मिशी एवढी टोचते. वैनी, तुमी दिवस कसं काढलंव?" आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. भाऊ म्हणाले, "पुढचा."

धाकू वर्गाला आला नाही. त्याच्या घरातलं कोणीच आलं नाही.

फाल्गुनातली गोष्ट. उन्हाळ्याच्या माठांसाठी धाकूकडे माती काढायचं काम चालू होतं. मिठागरांच्या मागे एक तळं आहे, त्याच्या काठची माती ते आणत. धाकूचा मुलगा माठ विकायला पनवेलच्या बाजाराला गेलेला. सून, सुंदरा, काठावर खणत होती. काठ खचला आणि ती मातीसकट पाण्यात गेली. मिठागरातल्या माणसांनी तिला शोधून वर काढलं तेव्हा श्वास नव्हता.

शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी मी वर्तमानपत्र घ्यायला धक्क्यावर आलो होतो. लाँच नुकतीच लागत होती. एक माणूस धावत आला आणि म्हणाला, धाकूची सून बुडाली, चाकावर नेतायत. भाऊंच्या हातात अर्धवट फाडलेलं तिकीट होतं. ते त्यांनी स्पंजावर ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. लाँच लागलेली असताना ती खिडकी बंद झालेली कोणी पाहिली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा चौघे तिला हातापायांना धरून अंगणात आणत होते. चाक झाडून ठेवलेलं. धाकू काठी घेऊन चाकाजवळ उभा. बायका ऊर बडवत होत्या, त्यांत जानकीबायही होती. तीसचाळीस माणसं, आणि त्यांतली निम्मी तरी भाऊंच्या वर्गात बसलेली. पण त्या घटकेला कोणाला काही आठवत नव्हतं. सगळ्यांचे डोळे चाकाकडे होते.

भाऊ अंगणाच्या बेड्याशी, फाटकातच थांबले. धाप लागली होती. त्यांनी एक श्वास घेतला आणि रविवारच्या आवाजात म्हणाले, "समजा, ही बाई बुडाली."

त्यांनी स्वतःचा नियम मोडला होता. खोट्यासाठी ठेवलेला शब्द त्यांनी खऱ्याला लावला होता.

पण तो शब्द ऐकल्याबरोबर जानकीबायचा हंबरडा मध्येच थांबला. धरून आणणाऱ्या चौघांनी सुंदराला जागच्या जागी खाली ठेवलं, उताणं, मानेखाली हात देऊन. एकाने बोटाला फडकं गुंडाळून तिच्या तोंडातला चिखल काढला. गाडीवान बैल जुंपायला पळाला, डॉक्टरसाठी. कोणीतरी माणसांना मागे सारून वारा मोकळा केला. कोणी रडत नव्हतं. समजा म्हटल्यावर रडायचं नसतं. डोकं विसरलं होतं ते त्यांच्या हातांना त्या शब्दासरशी आठवलं.

धाकूला तेवढं आठवायचं काही नव्हतं. तो काठी घेऊन पुढे आला.

"समजा कसलं, भाऊ? माझी सून हाय ती."

भाऊ त्याच्या जवळ गेले. अगदी जवळ. आता आवाज रविवारचा नव्हता.

"समजा, धाकू," ते म्हणाले.

मी मुलांना मराठीचं व्याकरण शिकवतो. समजणे या क्रियापदाचं ते आज्ञार्थी रूप आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं तो शब्द रोज कानांवर पडत होता आणि मी त्याचा एकच अर्थ ऐकत होतो. त्याचा दुसरा अर्थ मला त्या अंगणात कळला. समज, असं त्यांनी धाकूला म्हटलं नाही. लहानपणापासून अरेतुरे केलेल्या माणसाला त्यांनी समजा म्हटलं.

धाकूने चाकाकडे पाहिलं. मग काठी खाली टाकली आणि सुनेच्या उशाशी बसला. त्या घरात सासऱ्यासमोर सुनेचा पदर कधी ढळला नसेल. त्याने दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली आणि मान मागे नेली. किती न्यायची हे त्याला कोणी सांगितलं नाही. ती मान त्याने तीनदा मातीत केली होती.

भाऊ गुडघ्यांवर बसले, नाक चिमटीत धरलं, आणि तिच्या तोंडावर तोंड ठेवून श्वास सोडला. तिची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा. जानकीबाय शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजत होती, वर्गात मोजायची तशी. तिकडे लाँचने एकदा भोंगा दिला, मग दुसऱ्यांदा. मला वेळेचं काही सांगता येणार नाही. भाऊंचे कान लाल झाले होते. जानकीबायचे आकडे संपले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. मग सुंदराच्या घशात काहीतरी वाजलं, पाणी आलं, आणि ती खोकली. भाऊंनी तिला कुशीवर वळवलं आणि म्हणाले, "पांघरूण."

पांघरूण आधीच आणलेलं होतं.

ते उठले तेव्हा जानकीबायने पाण्याचा तांब्या पुढे केला. सगळे बघत होते. भाऊ आता चूळ भरणार, असं सगळ्यांच्याच मनात होतं, माझ्याही. त्यांनी त्या पाण्याने हात धुतले, गुडघ्यांचा चिखल धुतला, तांब्या परत दिला आणि तोंडाला पाणी न लावता धक्क्याकडे चालू लागले. उरलेली तिकिटं दिली. लाँच चालवणाऱ्या सारंगाने उशीर का झाला विचारलं, तेव्हा गर्दी होती म्हणाले.

दिवस कलताना डॉक्टर आले. त्यांनी सुंदराला अलिबागला नेलं, छातीत काही राहिलं नाही ना हे बघायला. चौथ्या दिवशी ती पायी घरी आली.

त्या संध्याकाळी भाऊ ओटीवर स्वतःच्या फुलपात्रातून पाणी पीत होते. मी भीत भीत विचारलं की आज उष्ट्याचं काही वाटलं नाही का.

"हवा सगळी उष्टीच असते, मास्तर," ते म्हणाले. "समुद्रावरून येते म्हणून कळत नाही."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी फुलपात्र पुन्हा खुंटीला लावलं. त्यांचं वेड त्यांनी पुढेही सोडलं नाही. सुंदराने घरी बोलावून चहा दिला तोही वरून ओतून प्यायले आणि सदऱ्यावर सांडला. धाकूच्या चाकावर त्यानंतर फक्त माठ झाले.

माझी बदली म्हसळ्याला झाली. पत्रं चालू होती. भाऊंच्या पत्रात नेहमी एखादा समजा असायचा: समजा, तुमच्या वर्गातल्या मुलाला फीट आली. मी उत्तर लिहायचो, ते चुका दाखवून परत यायचं. परवा आलेलं पत्र वहिनींनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं. मी पोचलो तो दहावा दिवस होता, आणि रविवार.

धक्क्यावर धाकू मला घ्यायला आला होता. चालता चालता त्याने सांगितलं. भाऊंनी तिकीट देता देता खिडकीत डोकं टेकलं. कोणी क्षणभरही वाट पाहिली नाही.

"समजा म्हनले न्हाईत, मास्तर. तवाच समद्यांना कळलं."

सुंदरा माठ लाँचवर चढवायला आली होती. माठ टाकून सगळ्यांत आधी तीच आत शिरली. बाहेर काढून निजवलं, नाडी पाहिली, सदरा सैल केला. मान धाकूने धरली. श्वास सुंदराने दिला, ती दमली की मुकादमाने, तो दमला की पुन्हा तिने. मोजणारी जानकीबाय. डॉक्टर येईपर्यंत कोणी थांबलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि मग तिथेच धक्क्याच्या दगडावर बसून राहिले. हृदय एकदमच थांबलं होतं, ते म्हणाले. मी इथे हजर असतो तर मीही याहून वेगळं काही केलं नसतं, असंही डॉक्टर म्हणाले.

मला त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. भाऊंच्या मधल्या वेळातला एकही क्षण रिकामा गेला नव्हता.

घर जवळ आलं तसा धाकू थांबला. "त्येंच्या धाकट्या भावाला माझ्या बापानं फिरवला," तो म्हणाला. "काठी मी दिली व्हती बापाच्या हातात. भाऊंनी बगितलं व्हतं मला. येवड्या वर्सांत येकदा तोंडातून काढलं न्हाय." मग तो ओटीकडे चालू लागला.

ओटी झाडलेली होती. माणसं बसलेली होती, भेटायला आलेली असतील असं मला वाटलं. मिशीवालं मातीचं डोकं फळीवर होतं. कोणीतरी त्याला हार घालायला निघालं होतं, पण वहिनींनी घालू दिला नाही. "ते लागतं," म्हणाल्या. मग मला बघून पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आज रविवार आहे, मास्तर. हे सगळे वर्गाला आलेत."

सुंदरा उठली. सासरा समोर बसला होता, म्हणून तिने पदर नीट केला आणि नजर खाली ठेवूनच खांबाजवळ जाऊन उभी राहिली. टेकली नाही. एकदा सगळ्यांकडे पाहिलं. नवीन शाळामास्तर रजेवर होते, आडवं व्हायला कोणी नव्हतं. तिची नजर माझ्यावर आली.

"समजा," ती म्हणाली, आणि थोडी थांबली. "मास्तर बुडाले."

मी हातातली पिशवी बाजूला ठेवली आणि जमिनीवर आडवा झालो. जमीन गार होती. मानेखाली कोणाचा तरी हात आला, बरोबर जिथे यायला हवा तिथे. मी डोळे उघडले नाहीत.